राजाच्या गालावरची चीर

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आमच्या नाणेसंग्राहक मंडळातला मित्र सुधाकर जाऊन महिना झाला. आज शैलावहिनींनी वाघोलीला चहाला बोलावलं आणि त्याच्या कपाटात सापडलेलं चांदीचं रोमन नाणं माझ्या हातावर ठेवलं. "भाऊजी, हे खरं आहे का हो? ह्यांनी मला कधी दाखवलंच नाही."

भिंग लावलं. कडेला साच्याचा सांधा नाही, म्हणजे ओतीव नक्कल नव्हे. राजाच्या गालावर चीर, कुणा जुन्या सराफाने चांदी तपासायला मारलेली, अजून धारदार. "खरं आहे," म्हणालो, आणि भिंग पुन्हा चिरेवर नेलं. ही चीर मला पाठ आहे. माझ्या नाण्यावर हीच, इथेच. दोन नाण्यांवर तंतोतंत एकच चीर पडत नाही. एकावरून दुसरं ओतलेलं असणार.

घरी येऊन चपलाही न काढता माझं नाणं काढलं. चीर बोथट, झिजल्या साबणासारखी. कडेला कानशीने घासलेला सांधा. इतकी वर्षं दिसला कसा नाही? आपलंच म्हणून भिंग कधी लावलंच नाही.

अकरा वर्षांपूर्वी आठ दिवस सुधाकरला बघायला दिलं होतं. मागितलं असतं तर दिलं असतं? मागितलं होतंच की, दोनदा. मी हसून विषय बदलला.

वहिनींना काय सांगू? मी त्यांच्याशी खोटं बोललेलो नाही.

दर वर्षी मंडळाच्या वर्गात हेच नाणं नवख्यांच्या हातात देतो. म्हणतो, खरं नाणं असं असतं. सुधाकर शेवटच्या रांगेत बसून मान डोलवायचा.