जिन्यातून ऐकलेला सोनाटा

सर, काल माझ्या मुलीचं पहिलं व्हायोलिनवादन झालं. दादरचा एक छोटा हॉल, साठेक माणसं, साथीला पियानो, आणि सगळा कार्यक्रम पाश्चात्त्य संगीतातल्या तुमच्या आवडत्या रोमँटिक काळातला, शेवटी एक सोनाटा. ती सतरा वर्षांची आहे. तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरले होते. आमटीत मीठ दोनदा घातलं.

तुम्हाला कारण सांगावं लागलं नसतं. माझ्या पहिल्या कार्यक्रमाला मीही सतराचीच. ठाकूरद्वारला तुमच्या घरी चार वर्षं शिकून पहिल्यांदाच लोकांसमोर उभी आहे, पियानोवर तुम्ही. मधेच मला पुढचं काही आठवेनासं होतं. तुम्ही त्याच दोन ओळी पुन्हा पुन्हा वाजवताय, मानेनं मला बोलावताय, आणि मी व्हायोलिन खुर्चीवर ठेवून चालू पडते. दुसऱ्या दिवशी तुमच्या मिसेस घरी आल्या. "सर रागावले नाहीत गो. गुरुवारी ये, एवढंच सांगितलंय." मी आले नाही. कुठल्याच गुरुवारी नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेल्याचं कळलं, तेव्हाही नाही.

काल सोनाटाचा संथ भाग संपत आला आणि तिचा बो तारांवरच थबकला. पियानो पुढे गेला, ती मागेच. आता ही पळणार, असं वाटलं आणि मीच उठले, दार ढकलून जिन्यात जाऊन उभी राहिले. आत पियानोही थांबला. मग तिचा आवाज, अगदी घरात बोलते तसा: "सॉरी, माझं चुकलं. मागच्या पानापासून घेऊ या?" पियानो सुरू झाला, पाठोपाठ ती. शेवटपर्यंत वाजवलं तिनं. मी कठडा धरून ऐकत होते. असं थांबून, सांगून, परत सुरू करता येतं, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, सर.

टॅक्सीत ती म्हणाली, "आई, अडकले तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं. तू दिसलीच नाहीस."

"पुढे कुणाचं तरी डोकं आलं असेल," मी म्हटलं.

तुमच्याबद्दल तिला काहीच माहीत नाही. लहानपणी थोडं वाजवायचे, एवढंच सांगितलंय. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तरी लिहून झालं. आज सकाळी खरं काय ते सांगायला दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, आणि दोन्ही वेळा "चहा झालाय" एवढंच बोलून परत आले.