डाव्या बाजूचा आवाज

५ जानेवारी, रविवार

डावा बॉक्स कमी वाजतो! कोरा माल, आणि ही गत.

सकाळपासून हॉलमध्ये होम थिएटर जोडत बसलो. एक रिसीव्हर, पाच स्पीकर, एक वूफर. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना एकेक, मधोमध एक, सोफ्यामागे दोन. लाल वायर लाल खाचेत, काळी काळीत. विजेच्या उपकेंद्रात नोकरीची वर्षं गेली, वायरीचं कौतुक नाही. बायको विमल दारातून म्हणाली, "अमडापुरात टॉकीज काढून राह्यले काय?"

मग पुढच्या तिघांवर चाचणीचा आवाज लावला. नुसती खरखर, एकेका स्पीकरमधून फिरत जाते. मधला आणि उजवा ठीक. पुढचा डावा मात्र मेल्यासारखा.

६ जानेवारी

दिवसपाळी. लोड फार. घरी येऊन कशाला हात लावला नाही.

८ जानेवारी

मनालीचा पुण्याहून फोन. बॉक्सचं सांगितलं. म्हणाली, "पप्पा, डावा बॉक्स उजवीकडे ठेवून पाहा. दोष बॉक्सचा असेल तर तोही उजवीकडे जाईल." पोरगी बापाच्या वळणावर गेली आहे.

केलं. दोष डावीकडेच! म्हणजे बॉक्स चांगला. मग रिसीव्हरच्या मागे डाव्या-उजव्या वायरी उलट्या लावल्या. तरी डावीकडेच. वायरही नवी टाकली. काही फरक नाही.

बॉक्स, वायर, रिसीव्हर — तिन्ही निर्दोष. मग उरलं काय?

९ जानेवारी

चिखलीच्या दुकानदाराला, रवीला, विचारलं. "काका, डावीकडं परदा असंन. परदा आवाज खाते." पडदा काढला. फरक शून्य. विमल चिडली ती वेगळीच.

१२ जानेवारी, रविवार

सापडलं.

विमलला सोफ्यावर बसवलं. "कोणता कमी वाजतो, सांग."

"दोन्ही सारखेच तर हायेत."

"नीट ऐक."

"नीटच ऐकून राह्यले!"

मागच्या स्पीकरचा स्क्रू ढिला होता म्हणून टीव्हीकडे पाठ करून वाकलो. खरखर चालूच होती. आणि आता उजवा बॉक्स कमी झाला, डावा खणखणीत! पुन्हा टीव्हीकडे तोंड केलं — डावा कमी. पुन्हा पाठ — उजवा कमी. दोष माझ्याबरोबर फिरत होता.

उजव्या कानात बोट घातलं. हॉल एकदम शांत. विमलचे ओठ हलताना दिसत होते.

बोट काढून म्हणालो, "माझा डावा कान गेला वाटते."

"मले माहीत हाय. वर्ष झालं. मी तुमच्या उजव्या अंगाले काऊन बसते मंग?"

"सांगितलं नाही?"

"सांगितलं! डाव्या बाजूनं सांगितलं असंन."

दोघंही हसलो. नंतर ती उठून आत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. मी वायरी पहिल्यासारख्या लावल्या.

१५ जानेवारी

बुलढाण्याला कानाचे डॉक्टर. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावला. आवाज आला की बटण दाबायचं. डाव्याच्या वेळी बटण हातात तसंच राहिलं.

कानाचा पडदा चांगला आहे म्हणे. आतलं बारीक हाड घट्ट होत चाललंय. ऑपरेशन होतं, बऱ्याचदा ऐकू येतं, हमी नाही. उजव्या कानावरही लक्ष ठेवावं लागेल. "घरात कोणाला होतं का?" आईचं सांगितलं. उतारवयात तिला काहीच ऐकू येत नव्हतं, आम्ही वयावर ढकललं. डॉक्टर म्हणाले, हे रक्तातून येऊ शकतं.

विमल परतताना एसटीत म्हणाली, "करून टाका ऑपरेशन." मी म्हणालो, बघू. एका कानावर चालतंय की. घाई नाही.

मनालीला रात्री मेसेज टाकला. जे डॉक्टर म्हणाले ते सगळं, आईच्या कानासकट. तिने वाचला.

१७ जानेवारी

मनालीचा फोन. आधी नुसती रडली. मग म्हणाली, "पप्पा, मलेही उजव्या कानानं कमी ऐकू येतं. दोन वर्षं झाली. तुम्ही माझ्यासाठी स्थळं पाहून राह्यले, म्हणून बोलली नाही."

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला, आणि तिचं रडणं ऐकू येईनासं झालं. घाबरून पुन्हा उजव्याला लावला.

म्हणालो, "ये. आधी तुझ्या कानाचं करू."