यांची रांग, माझी रांग

३ मार्च, मंगळवार

लेकीचा रिपोर्ट चांगला! गाठ परत आलेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान आहे, पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवा." लेक हसली, जावई हसला. हे खिडकीकडे तोंड करून उभे. मी सरळ दवाखान्याच्या पायरीवर बसकण मारली.

आता महिनाभर तरी नीट झोप.

४ मार्च, बुधवार

परतीचं विमान, आणि पुन्हा तेच. हे सुरक्षा तपासणीच्या जलद रांगेतून सुळकन पलीकडे. बूट पायात, पट्टा कमरेला, बॅग खांद्यावर. मी लांबच्या रांगेत, चपला हातात घेऊन.

गेल्या वर्षी लेकीचे उपचार सुरू झाले, दर महिन्याला विमान आलं, तेव्हा त्या जलद रांगेसाठी दोघांचे अर्ज यांनीच संगणकावर भरले. यांचा मंजूर, माझा नामंजूर. "कारण देत नाहीत," म्हणाले. मी ऑल्टरेशनचं दुकान चालवते. लोकांच्या पॅन्टी आखूड करते. माझ्यापासून कुणाला कसला धोका? कॉलेजात असताना फीवाढीविरुद्ध मोर्चात गेले होते, ते निघालं की काय? का वरच्या मजल्यावरच्या बाईशी पाण्यावरून भांडले, ते?

आज माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ होते. हात थरथरत होते, बुटाची नाडी सुटेना. शेवटी मीच वाकून सोडली. शेजारून जलद रांगेतली मंडळी फोनवर बोलत बोलत गेली. यांना विचारलं तर म्हणतात, "अगं, त्यांची चौकशी आधीच झालेली असते. परत कशाला तपासायचं?" ठीक. पण चौकशी करून घ्यायलाही फी भरावी लागते, अर्ज कळावा लागतो. त्या आजोबांना कोण भरून देणार? म्हणजे ज्याला परवडतं तो सज्जन, आणि बाकीच्यांनी चपला काढा!

५ मार्च, गुरुवार

काल रागात अर्धंच लिहिलं. उरलेलं फक्त इथे लिहिते — मला ती रांग हवीशी वाटते. तिथे मी रडून घेते. जाताना भीतीने, येताना सुटल्यासारखं वाटून. अनोळखी लोक, कुणी विचारत नाही. तपासणीवरची चष्मेवाली पोरगी कधीच ओळखून आहे. माझी पिशवी मुद्दाम सावकाश उघडते, "मावशी, पुन्हा टाचण्या!" म्हणते, तोवर मी तोंड पुसून घेते. तिच्या बाहीची शिवण उसवली आहे. हात शिवशिवतात माझे.

यांच्यासमोर रडायची सोय नाही. हे म्हणजे दगड. वर्षभर एकच पालुपद — "होईल सगळं ठीक." पलीकडे कॉफीचे दोन कप घेऊन बसलेले असतात, माझा गार झालेला. डोळे मात्र लाल. एसी बाधतो म्हणे.

पण आवडत असली म्हणून काय झालं? मला नाकारलं ते नाकारलंच. चष्मेवाली म्हणते, "अपील करा ना मावशी. अर्जाचा नंबर आणा, कुठे द्यायचा ते मी सांगते."

१४ मार्च, शनिवार

नंबर मागितला. "शोधतो," म्हणाले.

१९ मार्च, गुरुवार

"सापडत नाही." पहिल्या फ्रिजची पावती जपून ठेवणारा माणूस हा! "जाऊ दे ना, अर्ध्या तासाचा तर प्रश्न," म्हणाले. बायकोवर संशयिताचा शिक्का बसला तरी यांना काही नाही. भडकले मी. बोलणं बंद.

२१ मार्च, शनिवार

अजून बंद. मीठ लागलं तर स्वतः उठून घेतात.

७ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता एकदम सहा महिन्यांनी या."

सहा महिने! लेकीने मला उचलायचाच बेत केला होता, "अगं कंबर मोडेल तुझी," म्हटलं. आणि हे? हे चक्क खुर्चीत बसून हमसून हमसून रडले. सगळ्यांदेखत. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. बोलणं आपोआप सुरू झालं.

८ एप्रिल, बुधवार

विमानतळावर मी माझ्या रांगेकडे वळले, तर हे मागे. "तुमची रांग तिकडे," म्हटलं. "असू दे." पट्टा काढला, तशी पॅन्ट घसरायला लागली. वर्षभरात किती वाळलेत! एका हाताने ती धरून, खाली बघत म्हणाले,

"तुझा अर्ज मी पाठवलाच नव्हता."

वर्षभर त्या कार्यालयाला शिव्या घातल्या मी!

"मला तो अर्धा तास हवा होता गं. रडायला. तुझ्यासमोर रडलो असतो तर तू खचली असतीस."

संताप यायला हवा होता. आलाही, पण टिकला नाही. त्यांची पॅन्ट मीही एका बाजूने धरली आणि म्हटलं, "आणि मी इकडे काय करत होते असं वाटतं तुम्हाला?"

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, पुढे सरका की!"