काशीरामच्या खिडकीचा बंदोबस्त

रविवार, ७ जुलै १९५७. सकाळ.

माडीवरच्या खिडकीची डावी झडप आज माझ्या हातात आली. बिजागऱ्यांसकट, पूर्ण. मी नुसती उघडायला गेलो होतो.

हे काशीरामचं काम. काशीराम घरत, समोरच्या घरातला, मिठागरावरचा मुकादम. मधला बोळ इतका अरुंद की या माडीवरून त्या माडीवर वाटी देता येते. काल संध्याकाळी त्याने आपली झडप धाडकन लावली, तो धक्का आमच्या भिंतीत शिरला आणि बिजागऱ्या उखडल्या. सौ. म्हणते, बिजागऱ्या कधीच्या गंजल्या आहेत, मी दर पावसाळ्यात सांगते. तिला धक्क्याचं शास्त्र कळत नाही. काशीरामला सोडायचं नाही.

दुपार.

अपमानाची हद्द झाली. आमच्या दोन्ही खिडक्या अगदी समोरासमोर आणि दोघांच्याही झडपा बाहेर उघडतात. समोरासमोरच्या झडपा एकदम उघडल्या तर आपटतात. म्हणून या बोळात जुना रिवाज आहे: ज्याने त्याने फक्त आपली डावी झडप उघडायची, उजवी कायम बंद. माझ्या डाव्या झडपेसमोर त्याची उजवी येते. आता माझी डावी भिंतीला टेकवून ठेवली आहे, हे बघून त्याच्या घरात दोन्ही झडपा उघडल्या. राजरोस. शत्रूचा किल्ला पडल्यासारख्या.

सौ. म्हणते, ती रंभाने उघडली, बोलताना तोंड नीट दिसावं म्हणून. रंभा म्हणजे काशीरामची बायको. दोघी दुपारभर आपापल्या कठड्याला टेकून भाजी निवडत बोलतात. साताऱ्याहून बदली होऊन आल्यापासून या गावात माझं म्हणावं असं हे एकच माणूस आहे, असंही सौ. म्हणाली. बायकांना राजकारण कळत नाही.

प्लॅन ठरला. आपल्या दोन्ही झडपा रिपेअर करायच्या आणि दोन्ही कायमच्या उघड्या ठेवायच्या. मग काशीरामची खिडकी जन्मात उघडत नाही. बसू दे अंधारात.

सौ. म्हणाली, कोन गावच्या बुधाजी सुताराला बोलवा. काशीरामची खिडकी याच बुधाजीने केली. म्हणजे शत्रूचाच माणूस. मी स्वतः करणार. कचेरीतल्या फर्निचर दुरुस्तीची सगळी प्रकरणं आजवर माझ्याच टेबलावरून गेली आहेत.

मंगळवार, ९ जुलै.

कचेरीतून लवकर निघून खिडकीची सविस्तर तपासणी केली. चौकटीत पेचकस दाबून पाहिला, मुठीपर्यंत आत गेला. लाकूड मऊ जातीचं दिसतं. डाव्या झडपेची काच सैल, वारा आला की बडबडते. उजवी झडप कोणत्या तरी जुन्या भाडेकरूने रंगासकट चिकटवून टाकली आहे, ती हलतच नाही. कडी आहे, कोयंडा नाही. एकूण किरकोळ काम. दोन रविवार पुरे.

रविवार, १४ जुलै.

झकेरियाच्या दुकानातून स्क्रू आणले. झकेरियाशेठ म्हणाले, भाऊसाहेब, चौकट कुजली असेल तर स्क्रू काय करणार बिचारा, तो पण पकडायला काही तरी मागतो ना. मी म्हटलं, तुम्ही स्क्रू द्या. ते हसले. काशीरामच्या मिठागराचं लोखंडी सामान यांच्याच दुकानातून जातं, हे मला नंतर आठवलं.

पहिला स्क्रू शिऱ्यात चमचा घालावा तसा गेला आणि तसाच बाहेर आला. दुसराही. खास मला काढून दिलेला माल. झकेरियाशेठचं नाव लक्षात ठेवलं आहे. काशीराम झाला की त्यांचा नंबर.

संध्याकाळी.

तोडगा सापडला. बिजागऱ्या जुन्या जागी न लावता, लाकूड शाबूत आहे तिथे लावल्या. वरची शाबूत जागा बरीच खाली आहे, खालची बरीच वर. दोन्ही बिजागऱ्या त्यामुळे शेजारी शेजारी आल्या. झडप उभी राहिली. थोडी मान टाकल्यासारखी दिसते, पण उभी आहे. सौ.ला बोलावून दाखवली. तिने पाहिली आणि खाली गेली.

रविवार, २१ जुलै.

झडप चौकटीत बसेना. पावसाने फुगली आहे. शेजारून रंधा मागून आणला आणि तासायला घेतली. सुखाचं काम आहे. प्रत्येक रंध्याला काशीरामचं नाव घेत होतो.

तेवढ्यात समोरून काशीराम स्वतः. तंबाखू मळत. म्हणाला, भाऊसाहेब, आता तासू नका, पावसात लाकूड फुगतंच, आमी पन दिवाली झाल्यावर तासतो, नायतर उन्हात फट पडल. सूर अगदी आपुलकीचा. म्हणजे बघा, माझी झडप बसायला आली तशी त्याच्या पोटात दुखायला लागलं. मी त्याच्यासमोर दुप्पट तासली.

सौ.ने विचारलं, ते सांगत होते ते खरं असलं तर? मी म्हटलं, शत्रू खरं कशाला सांगेल?

झडप आता सुंदर बसते. बाजूने बोट जातं, पण हवा खेळती राहायला तेवढं पाहिजेच.

गुरुवार, २५ जुलै. ऑफिसला रजा.

काच पक्की केली. त्यासाठी लांबी लागते, खडूची पूड अळशीच्या तेलात मळून. तेलासाठी पुन्हा झकेरियाशेठच्या दारात जाणं माझ्या तत्त्वात बसेना. घरचं शेंगदाण्याचं तेल वापरलं. तेल ते तेल. उत्तम मळली गेली, अगदी कणकेसारखी.

शनिवार, २७ जुलै.

लांबी वाळली नाही. मुंग्या लागल्या. काशीरामच्या बाजूने येतात.

रविवार, २८ जुलै. विजय.

तारीख लक्षात ठेवण्याजोगी. उजवी झडप फोडली, म्हणजे उघडली. रंगावर पटाशी चालवली, मग हातोडी, मग खांदा. मोठा आवाज होऊन सुटली. आता ती बंद होत नाही, पण बंद करायची आहे कुणाला? दोन्ही झडपा बोळात काटकोनात उभ्या केल्या आणि जाड लोखंडी आकड्यांनी अडकवल्या. काशीरामच्या घरातून डावी झडप उघडायचा प्रयत्न झाला. चार बोटं उघडली आणि माझ्या झडपेवर थडकली. पुन्हा एकदा. मग थांबली.

त्या आवाजाने मला इतकं समाधान झालं की दोन वाट्या ताक प्यालो.

काशीराम फटीतून म्हणाला, तुमची झडप आमच्या झडपेला लागते हाय. मी म्हटलं, हो का. एवढंच म्हटलं. फार दिवसांपासून असं थंडपणे बोलायची इच्छा होती.

बुधवार, ३१ जुलै.

विजयाचा चौथा दिवस. पाऊस सरळ खोलीत येतो आहे. गाद्या खाली नेल्या. ट्रंकेखाली विटा ठेवल्या. माझा कोरा कोट हिरवट झाला. विजयाला किंमत द्यावी लागते, आणि काशीराम बिचारा दिवसाढवळ्या कंदील लावून बसला आहे.

घरात शांतता आली. पूर्वी मी कचेरीतून आलो की तिच्याकडे गावभरच्या बातम्या असायच्या: कुणाची मुलगी माहेरी आली, मिठागरावर कुणाचं कुणाशी वाजलं. आता काही नसतं. विचारलं, दुपारी काय करतेस? म्हणाली, भिंत बघते.

रविवार, ४ ऑगस्ट.

सौ.ला सोबत हवी असेल असं वाटलं. मनाचा मोठेपणा दाखवून जेवण झाल्यावर तिच्याशी बोलायला बसलो. कचेरीतल्या बढत्यांचं धोरण आणि त्यात माझ्यावर झालेला अन्याय सुरुवातीपासून सांगितला. ती ऐकत होती. मग पाहिलं तर बसल्या जागी झोपली होती. इतकी निश्चिंत झोप तिला रंभाशी बोलताना कधी आली नसेल.

उठल्यावर म्हणाली, अहो, एक झडप लावून घ्या ना. एकच. माझ्यासाठी. मी म्हटलं, एक झडप लावली की सगळंच गेलं. तिने पुन्हा मागितलं नाही. मागितलं असतं तर कदाचित विचार केला असता.

शनिवार, १० ऑगस्ट. नारळी पौर्णिमा.

आज जे झालं त्यात माझी चूक नाही.

दुपारी माडीवर होतो. समोरची झडप हळूच ढकलली जाऊ लागली. चार बोटं, मग माझ्या झडपेला रेटून आणखी थोडी. मी मनात म्हटलं, आला. सणाचा मुहूर्त साधून आला. मी पूर्ण वजनानिशी माझी झडप उलट रेटली. पलीकडून बाईचा आवाज, वयनी, धरा. मग खणखणाट. बोळात ताटली पडली आणि चिखलात सगळीकडे नारळीभात. त्यामागोमाग माझी डावी झडप, काचेसकट, त्याच भातावर. मुंग्या लागलेली लांबीसुद्धा.

सौ. माझ्यामागे हात पुढे करून उभी होती. तिला ताटली घ्यायची होती. दर वर्षी घेते. साताऱ्याचा माणूस मी, पहिल्या वर्षी म्हटलं होतं, तुझ्या हाताला काय चव आहे, असा नारळीभात आमच्या आईलाही जमला नाही. दर वर्षी म्हणत आलो. तो रंभाचा होता. सौ.ने हे आज सांगितलं, आवाज न चढवता. म्हणाली, तुम्हाला इतका आवडायचा म्हणून ती मुद्दाम तुमच्यासाठी वेलदोडा जास्त घालायची.

आजचा भात कसा झाला होता कोण जाणे. मला वाईट वाटलं. पण याला जबाबदार काशीराम. झडप लागते हाय म्हणण्याऐवजी, भात येतो हाय असं सांगायला काय झालं होतं?

रविवार, ११ ऑगस्ट.

झडप बोळातून वर आणली. काशीराम खालून हात लावू का म्हणाला. नाही म्हटलं. फुटक्या काचेच्या जागी फळकुट ठोकून तारेने बांधली. उजवीचा आकडा काढून तिलाही कशीबशी ओढून घेतली, पावसाला आता इलाज नाही. पण तासल्यामुळे झडपा एकमेकींना पोचत नाहीत, कडी लागत नाही, वारा आला की आपोआप बाहेर फेकल्या जातात.

सौ.ने सकाळी स्वयंपाक केला, ताट वाढून झाकून ठेवलं, सुपात तांदूळ घेतले आणि चपला घातल्या. कुठे म्हटलं तर म्हणाली, रंभाकडे. दिवेलागणीला येईन. आणि गेली. जाताना दार मात्र नीट लावून घेतलं.

गुरुवार, १५ ऑगस्ट. सुट्टी.

झेंडावंदन करून घरी आलो. ताट झाकलेलं. सौ. समोर. माझ्या झडपा आतून ओढलेल्या बघून काशीरामने दोन्ही झडपा सताड उघडल्या आहेत. फटीतून बोट जातं म्हटलं होतं, नजरही जाते. सौ. त्यांच्या कठड्याला टेकून बसली होती. रंभा काही तरी सांगत होती आणि सौ. हसत होती, पदर तोंडाला लावून, थांबता थांबेना. ती अशी हसते हे मला ठाऊक नव्हतं. काशीराम स्वतः चहा घेऊन आला. माझ्या बायकोला. स्वतःच्या हाताने.

आता दया नाही. रविवारी वारा असेल. ऐन चहाच्या वेळी दोन्ही झडपा सगळ्या ताकदीनिशी उघडायच्या. त्याच्या झडपांवर अशा आदळल्या पाहिजेत की बुधाजीची कारागिरी बोळात पडेल. मग बघतो कोण कुणाकडे बसायला जातं.

रविवार, १८ ऑगस्ट. चहाची वेळ.

वारा आहे. ठरल्याप्रमाणे झडपांवर दोन्ही हात ठेवले आणि एक पाऊल मागे घेतलं.

पलीकडून सौ.चा आवाज आला. फटीतून माझी सावली दिसली असावी. म्हणाली, अहो, आता उघडू नका हं, मी बाहेर वाकून बसले आहे, डोक्याला लागेल. रंभा माझी वेणी घालते आहे.

मी विचारलं, घरी कधी येणार. ती म्हणाली, दिवेलागणीला, रोजच्यासारखी. मी विचारलं, रोज म्हणजे कधीपर्यंत. त्यावर रंभाने सांगितलं, वयनी, मान हलवू नका.

वारा वाढला आहे. कडी लागत नाही. तार सकाळीच तुटली. झडपा सोडल्या तर थेट तिच्या डोक्यावर जातील. काशीराम आतून म्हणाला, भाऊसाहेब, दमले असाल, चहा पाठवू काय. मला चहा हवा होता. नको म्हटलं, कारण घ्यायला हात नाही.

त्यांची वेणी अजून चालू आहे. दोन्ही झडपा डाव्या हाताने ओढून धरल्या आहेत. उजव्या हाताने हे लिहितो आहे.