दिवा लागल्यावरही

हॅम्बुर्ग, ९ फेब्रुवारी १९४२

प्रिय फोकोदादा,

तुला आणि वहिनीला देव सुखी ठेवो. इथे थंडी कडक आहे, कोळसा मिळत नाही. गुडघा दुखतो, पण डबल बास उभ्यानेच वाजवावा लागतो, त्याला इलाज नाही. तांबडी गाय व्याली का?

पत्र टपालात न टाकता आपल्या गावच्या गेशेच्या हाती देतो आहे. वाचून चुलीत घाल.

तुझा एन्नो शनिवारपासून पोलिसांच्या ताब्यात आहे.

आमच्या हॉलची रीत अशी: संगीताचे सरकारी तपासनीस दाराशी आले की दारवान रंगमंचाजवळचा दिवा लावतो, आणि आम्ही स्विंग, ते बंदी घातलेलं अमेरिकन नाचाचं संगीत, सोडून जुन्या वॉल्ट्झवर येतो. एन्नो डोळे मिटून क्लॅरिनेट वाजवतो, म्हणून त्याला बासच्या गजाने ढोसायचं काम माझं. शनिवारी ढोसलं. त्याने दिवा पाहिला. पुढच्या टेबलावर एक शिपाई बसला होता, सकाळी रशियाच्या आघाडीवर परत निघणारा. वाजत होतं ते गाणं त्यानेच मागितलं होतं. क्लॅरिनेट तोंडातून काढून एन्नो म्हणाला, "काका, एवढं पुरं करू दे. त्याला पुन्हा कुठे ऐकायला मिळणार?"

आम्ही वॉल्ट्झ धरला. तो एकटाच स्विंग वाजवत राहिला.

तू म्हणशील, माज आला होता. दादा, मी रोज प्रार्थना करणारा माणूस. त्या सुरांत मला पाप कधी दिसलं नाही.

आज थोडा वेळ भेटू दिलं. "जेवतोस ना?" मी विचारलं.

"सूप पितो. चमचा धरवत नाही." हात टेबलाखालीच होते. मग हसला. "बाबांना कळवू नकोस. म्हणतील, बरं झालं, कटकट मिटली."

शुक्रवारी त्याला कैद्यांच्या छावणीत पाठवणार आहेत. तू गावातला पक्षाचा प्रमुख. बापाने स्वतः येऊन शब्द टाकला तर कदाचित सोडतील, असं तिथला अंमलदार म्हणाला. पोराचं पुन्हा तोंड पाहणार नाही, असं तू म्हणाला होतास. नको पाहूस. पाठ फिरवून उभा राहा, पण ये.

गुरुवारी संध्याकाळच्या गाडीवर थांबेन. तू उतरला नाहीस, तर स्टेशनावरून तसाच पोलिसांकडे जाईन आणि सांगेन की हे संगीत त्याला मी शिकवलं, शिक्षा मला द्या. खरं तर या वयात त्यानेच मला ते शिकवलं. खोटी साक्ष मी जन्मात दिलेली नाही. ही देईन, आणि तिच्यासाठी देवाकडे क्षमा मागणार नाही.

तुझा धाकटा भाऊ, अजून तरी,
हिनर्क