गाडीखालची टाकी

प्रिय अक्षता,

पाकीट बघून घाबरू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. आजीचे गुडघे आहेत तसेच आहेत, बाबांची साखर जरा वर गेली होती ती खाली आली आणि माझी चिडचिड तुझ्या माहितीची आहेच. फोनवर बोलले असते, पण तुझा फोन आला की बाबा तो स्पीकरवर टाकून ओट्यावर मधोमध ठेवतात आणि आजीसकट सगळं घर कान लावून बसतं. मला जे सांगायचंय ते तसं सांगण्यासारखं नाही. शेजारच्या बेबीनंदाबाईंचा मुलगा कल्याण उद्या पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे देतेय. विषय संडासाचा आहे, तेव्हा जेवताना वाचायला घेऊ नकोस. आठव्या महिन्यात तुला तसाही कसलाच वास सोसत नाही.

मागच्या महिन्यात तू सांगितलंस की बाळंतपणाला जालन्याला येणार नाहीस. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, बाळाचे कपडे कशात धुणार, तुझ्या सासूबाई तिथेच आहेत, त्या बघतील. पहिलं बाळंतपण, आणि तेही माहेरी नाही. मी गप्प बसले. मला गप्प बसलेलं तू कधी पाहिलंयस का? बाबांचं उलटं. फोन ठेवल्या ठेवल्या म्हणाले, "पान्याचाच प्रश्न हाय ना? मंग त्याला काय होतंय!" आणि हत्यारांची पेटी काढायला गेले. सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेल्यावर माणसाला जगातली प्रत्येक अडचण पान्यानं आवळता येईल असंच वाटत असावं.

त्यांनी काय केलं हे मी तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं. आता सांगतेय. शाळेची मुलं नेणारी एक जुनी गाडी त्यांनी आणली आणि मागच्या मोकळ्या प्लॉटवर लावून तिचं घर करायला घेतलं. लेक माहेरी येत नाही तर माहेरच तिच्या दारात नेऊन उभं करायचं, असा त्यांचा बेत. आतल्या सीट काढल्या, दोन बाकांवर गाद्या टाकल्या, गॅसची शेगडी बसवली, टपावर पाण्याची टाकी चढवली. छताला एक जाड हूक मारलाय. तो कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, पाळण्याला. एवढं बोलून लगेच दुसरीकडे बघून काहीतरी ठोकायला लागले.

आणि मागच्या कोपऱ्यात संडास. तोही कमोडचा. कारण आजी म्हणाली, पणतू बघायला मीही येणार. तुला माहीतच आहे, गुडघे गेल्यापासून ती कुठेच जात नाही. लग्नाला न्यायची म्हटलं तर आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाही, दुसऱ्याच्या घरी खाली बसायची वेळ येऊ नये म्हणून. बाबांनी गाडीच्या खाली एक चपटी प्लॅस्टिकची टाकी बसवली. कमोडमधलं सगळं सरळ त्या टाकीत पडतं आणि तिथेच साठतं. टाकी भरत आली की तिला जाड पाइप जोडायचा, तो गटाराच्या चेंबरमध्ये सोडायचा आणि व्हॉल्व्हचा दांडा ओढायचा. मी कणीक मळत होते तेव्हा हे सगळं त्यांनी मला माझीच पातेली-पळ्या घेऊन समजावून सांगितलं. ती पातेली मी नंतर दोनदा घासली.

निघायच्या आधी सवय व्हावी म्हणून आम्ही तिघंही तोच संडास वापरायला लागलो. आजी इतकी खूश, की आत गेली की बाहेरच येईना. कडी लावून गुणगुणत बसायची. मीच दार वाजवायचे.

मग एका सकाळी कमोडमधलं पाणी खालीच जाईना. वास असा, की बेबीनंदाबाईंनी त्यांची मागची खिडकी लावून घेतली, आणि मला ऐकू येईल इतक्या जोरात लावून घेतली. बाबा गाडीखाली शिरले. पाइप सोडवून पाहिला तर काळपट पाण्याची बारीक धार आली आणि थांबली. मग कळलं की त्यांनी पहिल्या दिवसापासून पाइप जोडून व्हॉल्व्ह उघडाच ठेवला होता. आपोआप जात राहील, रोजची कटकट नको, असा त्यांचा हिशेब. जायचं ते पाणी गेलं आणि बाकीचं आतच बसून राहिलं. मी चिडले आणि घरातलं फिनेल आणून अर्धी बाटली ओतली. त्यावर ते चिडले. "अगं, आतले जंतूच मारून टाकल्यावर ते कुजवणार कोण, तू का मी?" असं म्हणून त्यांनी शेतात कालवतात तसं आंबट ताक आणि गूळ कालवून वरून सोडलं. मी म्हटलं, आता नैवेद्यही दाखवा. मग बांबू घालून ढोसून बघितलं. हात सोडला तरी बांबू आत उभाच राहिला. आजी खुर्चीत बसून बघत होती, ती हसू आवरेना म्हणून तोंडाला पदर लावून घरात गेली.

बाबा मात्र हसले नाहीत. गाडीच्या पायरीवर बसून राहिले, हाताचा ग्रीस पुसत. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आपल्याच्यानं न्हाई व्हायचं हे." अक्षू, त्यांना तसं बसलेलं बघून मला वाईट वाटलं. आणि त्याच वेळी बरंही वाटलं. खरंच. गाडी निघणार नाही, म्हणजे तुझ्या दारात जाऊन उभं राहायचं नाही, म्हणजे तुझा चेहरा कसा होतो ते बघायचं नाही. मला माझाच राग आला. पोरगी दिवसात आहे, तिच्याकडे जायचंय आणि संडास तुंबला म्हणून आई सुटकेचा श्वास सोडते, याला काय म्हणायचं? मी घरात जाऊन भात लावला, त्यात मीठ घालायला विसरले आणि तो सगळ्यांनी तसाच खाल्ला.

टाकी तुंबल्याचं कारण मला दुसऱ्या दिवशी समजलं, आणि ते समजल्यावर कपाळावर हात मारला. टाकी पुरती बंद झाल्यामुळे आजीला परत घरातल्या संडासात न्यावं लागत होतं, खाली प्लॅस्टिकची खुर्ची ठेवून. मी दाराशी तांब्या घेऊन उभी. भरलेला तांब्या दिला तर तिनं त्यातलं अर्धं पाणी परत बादलीत ओतलं. मी विचारलं, आत्याबाई, गाडीतही असंच करत होता का? तर म्हणाली, "मंग काय! माझ्या राजानं तिथं ती साखळी लावली, ओढली की भळाभळा पानी. चांगलं पानी, वरच्या टाकीतलं! मी पयल्याच दिवशी तिचा कॉक बंद करून टाकला." बाबांना विचारलं, तर ते अर्धा मग टाकत होते. आणि मी? मी भाजी धुतलेलं पाणी जपून ठेवून तेच नेत होते, तेही उरलं तर. तिघांपैकी एकानंही तिघांना पुरेल एवढं पाणी त्या टाकीला दिलं नव्हतं. पाणीच नाही म्हटल्यावर ते सरकणार कुठे? जिथे पडलं तिथेच ढीग होऊन वाळलं. दुसऱ्या गावच्या माणसांनी ही चूक केली नसती. तुला आठवतं, तुझ्या अंघोळीचं पाणी टबात धरून मी त्यानं फरशी पुसायचे आणि तू हॉस्टेलला गेल्यावर पहिल्यांदा शॉवर सोडून नुसती उभी राहिली होतीस? फोन करून म्हणाली होतीस, आई, कुणीच ओरडलं नाही गं.

मग नळ आला त्या पहाटे आम्ही एकही ड्रम भरला नाही. आधी ती गाडीखालची टाकी भरली. दोन पातेली पाणी गरम केलं, उकळतं नाही, नाहीतर प्लॅस्टिक वाकेल असं बाबा म्हणाले, त्यात कपड्याचा साबण कालवला, व्हॉल्व्ह घट्ट बंद केला आणि नळाची नळी सरळ कमोडमध्ये सोडली. बेबीनंदाबाई गच्चीवरून ओरडल्या, "सुरेखाबाई, येड लागलं का? नळाचं पानी संडासात सोडून राह्यल्या?" मी म्हटलं, हो, लागलंय. आजी तिथे थांबलीच नाही. तिला ते बघवेना.

दिवसभर भिजू दिलं आणि उन्हं कलल्यावर गाडी काढली. पाणी हिंदकळलं पाहिजे, ढीग सुटला पाहिजे, म्हणून अंबडच्या बाजूचा खराब रस्ता धरला. जन्मभर खड्डे चुकवत गाडी चालवणारा माणूस त्या दिवशी एकेक खड्डा शोधून त्यात चाक घालत होता. मधेच जोरात ब्रेक मारायचे आणि कान देऊन ऐकायचे. खाली सगळं डचमळत होतं. आजी हट्टानं सोबत आली होती, खिडकीशी बसून कपाशीची रानं बघत होती. किती तरी दिवसांनी ती गावाबाहेर पडली होती. आणि तिथेच, काही विषय नसताना, ती मला म्हणाली, "सुरेखा, पोरगी खरंच पान्यामुळं येत न्हाई का गं?"

मी ड्रायव्हरच्या सीटकडे बघितलं. बाबा पुढे होते. त्यांनी ऐकलं की नाही मला माहीत नाही. पण त्यांनी गिअर बदलला आणि पुढचा खड्डा चुकवला.

परत आलो, पाइप चेंबरला जोडला, दांडा ओढला आणि धडधडत सगळं गेलं. आजीनं टाळ्या वाजवल्या. बाबांनी अजून दोनदा पाणी भरून टाकी खळखळून घेतली, स्वच्छ पाणी यायला लागलं तेव्हाच थांबले. आता घरात नवा कायदा आहे. रिकाम्या टाकीत आधी बादलीभर पाणी टाकायचं, दर खेपेला साखळी पूर्ण ओढायची, टाकी बऱ्यापैकी भरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडायचा नाही आणि मी फिनेलला हात लावायचा नाही. आजी साखळी ओढताना डोळे मिटून घेते. पण ओढते.

गाडी चालू झाली, संडास चालू झाला, आणि मी मात्र तिथेच, त्या रस्त्यावर आहे. काम करता करता थांबते आणि आठवत बसते. फोनवर 'पाणी' म्हणायच्या आधी तू जरा थांबली होतीस. बाबांना पाणी ऐकू आलं, मला ते थांबणं ऐकू आलं. की मलाच भास झाला? दिवाळीला आलीस तेव्हा दोनच दिवस राहिलीस, ते जावईबापू नागसेनरावांच्या रजेमुळे की आणखी कशामुळे? सासूबाईंचा हात तुला जास्त सवयीचा झालाय का? होत असेल, त्यात वाईट काही नाही, असं मी स्वतःला सांगते आणि मग भांडी आपटते. कधी वाटतं, बिचारीनं सरळ पाण्याचं सांगितलं आणि मी उगाच भुतं उभी करतेय. कधी वाटतं, बाबा हे मायेनं करताहेत की तुला दाखवून द्यायला, की बघ, आता तरी काय कारण देशील? विचारलं तर म्हणतात, "तू जास्त इच्यार करू नको." हे उत्तर आहे का?

सोमवारी सकाळी आम्ही निघणार आहोत. बाबांना तुला चकित करायचंय. तुमच्या सोसायटीच्या गेटसमोर गाडी लावून हॉर्न वाजवायचा, असं त्यांनी ठरवलंय. मला त्या गेटवरचा वॉचमन दिसतो, गॅलरीत आलेल्या तुझ्या सासूबाई दिसतात, खाली संडासाची टाकी लटकवलेली आमची गाडी दिसते, आणि पोटावर हात ठेवून खाली येणारी तू. तुझा चेहरा दिसत नाही. म्हणून हे लिहिलं. आम्ही येऊ नये असं वाटत असेल तर बाबांसमोर फोनवर बोलू नकोस, मला एक मेसेज टाक. माझं डोकं दुखतंय, आजीचे गुडघे धरलेत, काय सांगायचं ते मी सांगेन आणि गाडी इथेच थांबवेन. त्यांना तुझं नाव कळणार नाही. मी रागावणार नाही. खोटं कशाला लिहू, रागावेन, पण इथे घरात बसून रागावेन, तुझ्या दारात नाही. आणि यावं असं वाटत असेल तर तेही लिही, नुसतं 'या' लिहिलंस तरी पुरे. तुझ्या बाबांना पाण्याची सोय करायची होती, ती त्यांनी केली. मला फक्त एवढंच कळू दे, पोरी, की त्या वेळी तुझ्याजवळ मी असावं असं तुला वाटतं का?

तुझीच,
आई