बोटांनी पाहायचे घड्याळ आणि माझे टेबल

"तुझ्यानंतर माझं घड्याळ कोण उघडणार?" असे आत्याने मला विचारले, आणि या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही.

आधी मी हसले. तिला म्हटले, तू माझ्या तिप्पट वयाची, हा प्रश्न खरे तर मी तुला विचारायचा. ती म्हणाली, "मी जाणार नाही असं कुठं म्हणतेय? पण आधी कोण, हे तुझ्या घड्याळात दिसतं का?" ते दिसत नाही. म्हणून हे मृत्युपत्र करत आहे.

मी, खाली सही करणारी, घरात आणि गल्लीत चिमटी म्हणून ओळखली जाणारी, सज्ञान, अविवाहित, घरातली पहिली पदवीधर, लिहून ठेवते की मला कोणताही आजार नाही, मी कुणाच्या धाकाखाली नाही आणि माझे डोके ठिकाणावर आहे. पुरावा म्हणून नमूद करते की आज सकाळी मी तिळाहून लहान स्क्रू पहिल्याच प्रयत्नात जागेवर बसवला. ज्याचे चित्त थाऱ्यावर नाही त्याला ते जमत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. या वयात कुणीच करत नाही, असे बाबा म्हणाले. आई 'काहीतरी अभद्र बोलू नकोस' म्हणून स्वयंपाकघरात निघून गेली.

या मृत्युपत्राचा अंमल दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने करावा. तो कोणतीही वस्तू हरवत नाही आणि घड्याळांत त्याला काडीचाही रस नाही, त्यामुळे त्याच्यावर पक्षपाताचा आरोप होणार नाही.

साक्षीदार दोन: खालच्या मजल्यावरचे औषधवाले आणि दादाची बायको, म्हणजे माझी वहिनी. औषधवाल्यांनी बजावले की ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. वहिनी या अटीत चपखल बसते, कारण मी तिला काहीही देणार नाही. का, ते कलम पाचमध्ये येईल.

कलम १. घर माझे नाही, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. बचत खात्यात जे असेल ते आईला द्यावे. तिने ते स्वतःवर खर्च करावे. 'घरासाठीच काहीतरी घेते' असे ती म्हणेल. दादाने ऐकू नये.

कलम २. माझे पदवीचे प्रमाणपत्र मिळाले की ते बाबांचे. बाबा मालाचा ट्रक चालवतात, आणि ते त्याची प्रत ट्रकमध्ये आरशाखाली लावणार आहेत, असे त्यांनी आधीच क्लीनरला सांगून ठेवले आहे. मूळ प्रत मात्र ट्रकमध्ये लावू नये. तेलकट होईल.

कलम ३. आत्याचे घड्याळ माझ्या मालकीचे नाही. तरी त्याची हकिगत इथे नोंदवते, म्हणजे माझे टेबल ज्याच्याकडे जाईल त्याला कळावे की काय जपायचे आहे.

हे आतोबांचे, रोज चावी द्यायचे मनगटी घड्याळ. आतोबा गेले, मग काही वर्षांनी आत्याची दृष्टी गेली. तेव्हा आतेभावाने तिला बोलणारे घड्याळ आणून दिले. बटण दाबले की त्यातली बाई वेळ सांगते. आत्याने ते डब्यात ठेवून दिले. म्हणाली, "मला वेळ कुणी सांगायला नको. मला बघायचीय."

म्हणून मी आतोबांच्या घड्याळाची काच काढली. तिच्या जागी उघडता येणारे झाकण बसवले. बिजागरी आत्याच्याच जुन्या चष्म्याच्या काडीची घेतली, कारण त्या चष्म्याचा तिला दुसरा उपयोग उरला नव्हता. मूळचे काटे बोटाखाली वाकले असते, म्हणून एका मोडक्या गजराच्या घड्याळाचे जाड काटे कापून, घासून बसवले. (पुढच्या माणसासाठी: काट्याचे भोक लहान पडले तर मोठे करता येते. मोठे पडले तर रडत बसू नये, दुसरा काटा घ्यावा.) तबकडीवर बाराच्या जागी दोन ठिपके, आणि तीन, सहा, नऊला एकेक. ठिपके नेलपॉलिशचे आहेत. सुईच्या टोकाने थेंब ठेवायचा, पूर्ण वाळू द्यायचा, त्यावर दुसरा ठेवायचा, असे बोटाला जाणवेपर्यंत. नेलपॉलिश वहिनीच्या पार्लरमधले. ती म्हणते मी न विचारता नेले. मी विचारले होते. ड्रायर चालू होता.

सर्वांत अवघड काम दिसत नाही. मिनिटकाटा ज्या बारीक नळीवर बसतो ती नळी खालच्या दांडीवर नुसत्या पकडीने बसलेली असते. वेळ लावताना ती सरकली पाहिजे, आणि बोट लागले तर सरकता कामा नये. या दोन्हींच्या मधली पकड शोधण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला. नळी किंचित दाबायची, बसवायची, वरून बोट फिरवायचे, काटा हलला की पुन्हा काढायची. शेवटी ती पकड सापडली. आत्याने झाकण उघडले, बोट टेकवले आणि म्हणाली, "सव्वाअकरा." मग झाकण मिटले, पुन्हा उघडले, पुन्हा सांगितले. त्या दिवशी तिने दर थोड्या वेळाने वेळ सांगून सगळ्यांना भंडावून सोडले.

हिवाळ्यात मात्र विपरीत घडू लागले. आत्या दुपारच्या दवाखान्याला संध्याकाळी पोचली. जेवणानंतरची गोळी तिने जेवणाआधी घेतली. भर दुपारी शेजारणीला म्हणाली, दिवे लावा की. आत्या तिच्या एका खोलीत एकटी राहते, स्वतःचे सगळे स्वतः करते. आतेभावाने ठरवले की आता पुरे. आपल्या आईला वेळेचे भान राहिलेले नाही, तिला आपल्याकडे न्यावे आणि खोली भाड्याने द्यावी. तो वाईट माणूस नाही. त्याला आईची काळजी खरोखर आहे. भाड्याचीही आहे.

आत्या माझ्याकडे घड्याळाची तक्रार घेऊन आलीच नाही. तो म्हणतो ते खरेच असावे, असे तिला स्वतःलाच वाटू लागले होते. मी एकदा सहज चावी द्यायला म्हणून घड्याळ हातात घेतले, झाकण उघडले, आणि मला शिवणयंत्राच्या तेलाचा वास आला.

आमच्या घरात शिवणयंत्राच्या तेलाची डबी फक्त काकांकडे असते. ते बाबांचे धाकटे भाऊ. जगातल्या सगळ्या अडचणी तेलाने सुटतात यावर त्यांची श्रद्धा आहे. दार, पंखा, कात्री, छत्री, कशालाही ते सोडत नाहीत. झाकण कुरकुरते असे आत्या त्यांच्यासमोर बोलून गेली होती. त्यांनी बिजागरीत तेल सोडले, आणि जाता जाता माया म्हणून काट्यांच्या मधोमधही सोडले. ते नळीत उतरले आणि पकड गेली. आत्या वेळ पाहायची, आणि पाहता पाहता वेळ बदलायची. जितकी खात्री करून घ्यावी तितकी चूक वाढायची.

मी काटे उतरवले, नळी लायटरच्या पेट्रोलमध्ये धुतली, वाळवली, पुन्हा जराशी दाबून बसवली. आत्याला सगळे सांगितले. तिने झाकण उघडून एकदा बोट फिरवले. मग म्हणाली, "म्हणजे मी ठीक आहे." मी म्हटले, तू ठीक आहेस, काकांचे काही सांगता येत नाही.

त्याच रविवारी आतेभाऊ रिकामी बॅग घेऊन आला. काका, बाबा, आई, दादा, आम्ही सगळे आत्याच्या खोलीत दाटीवाटीने बसलो होतो. आतेभावाने तेल वगैरे ऐकून घेतले, पण त्याला ती पळवाट वाटली. सगळ्यांसमोर त्याने विचारले, "आई, किती वाजले सांग बरं."

आत्याने बोट फिरवले. "चार वीस."

बरोबर होते. तो योगायोग असावा, अशा चेहऱ्याने त्याने पुन्हा पाहायला सांगितले, नीट, सावकाश. आत्याने दोन्ही काटे मुळापासून टोकापर्यंत चाचपले, एकदा नाही, तीनदा. त्या नळीवर एवढा भार मीही कधी टाकला नव्हता.

"चार बावीस," आत्या म्हणाली. "तू तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारलास. भान कुणाचं गेलंय?"

काका सर्वांत मोठ्याने हसले, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. आतेभाऊ रिकामी बॅग रिकामीच घेऊन गेला. निघण्यापूर्वी त्याने आत्याचा हात हातात घेतला, डोळे मिटून तबकडीवर बोट फिरवले आणि हळूच म्हणाला, "समजतं की." मला आजवर मिळालेल्या गुणांमध्ये हे सर्वांत जास्त आहेत.

माझे एक मत आहे, ते मृत्युपत्रात असावे. माणसाला वेळ दुसऱ्याला विचारावी लागली की हळूहळू परवानगीही विचारावी लागते. म्हणून हे घड्याळ चालले पाहिजे, मी असो वा नसो.

कलम ४. काकांना माझी तेल लावायची सुई द्यावी. तिच्या टोकावर जेवढे तेल राहते तेवढेच घड्याळाला लागते, हे त्यांनी रोज एकदा पाहावे. सुई वापरू नये, फक्त पाहावी.

कलम ५. वहिनी. आमची पुढची खोली पडद्याने दोन भागांत विभागली आहे. एका बाजूला माझे टेबल, दुसऱ्या बाजूला वहिनीचे पार्लर. पडदा बहुतेक वेळा बाजूलाच असतो. माझ्याकडे सर्वांत बारीक टोकाचा, पाच नंबरचा चिमटा होता. मी खाऊचे, बसभाड्याचे पैसे वाचवून तो घेतला होता. एक दिवस त्याची टोके वाकलेली सापडली. या घरात चिमट्याने भुवया करणारी व्यक्ती एकच आहे. म्हणून वहिनीला माझ्या हत्यारांपैकी काहीही मिळू नये. वाकलेला चिमटा तिला आठवण म्हणून द्यावा असे मनात होते, पण मग तिला साक्षीदार होता येणार नाही.

कलम ६. माझे टेबल, त्यावरचा दिवा, डोळ्याला लावायचे भिंग, स्क्रूड्रायव्हरचा संच, फुंकर मारायची रबरी पिचकारी, काटे उपटायची तरफ, आणि बंद पडलेल्या घड्याळांचा डबा, हे सगळे एकत्र ठेवून श्री./श्रीमती                 यांना द्यावे. घेणाऱ्याने आधी डब्यातल्या मेलेल्या घड्याळांवर हात बसवावा. स्प्रिंगमधला जोर उतरवल्याशिवाय काही उघडू नये. डोक्यावर तीन रेघा असलेला स्क्रू उलट्या दिशेने सुटतो, त्याच्याशी झटापट करू नये. उडालेला भाग शोधताना आधी स्वतःचे कपडे झटकावेत, मग जमीन पाहावी.

इथवर लिहून, नावाची जागा कोरी ठेवून, मी पदवीदान समारंभाला गेले. आई, बाबा आणि दादा सोबत होते. बाबांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की पुढच्या रांगेतले वळून पाहू लागले. मुक्काम करून परत आलो.

परत आले तर आत्या आमच्याकडे, माझ्या खुर्चीवर बसलेली, घड्याळ मनगटावर, आणि चेहरा असा की काहीतरी लपवले आहे. मी विचारण्याआधीच तिने सांगितले. तिच्या शालीचा धागा काट्यात अडकला, ओढला गेला, मिनिटकाटा वाकून तासकाट्यावर टेकला आणि घड्याळ थांबले. आतेभावाचा दुपारी फोन येणार होता. 'किती वाजले' हे तो हल्ली प्रेमाने विचारतो, पण विचारतो. आत्या जिना उतरून, रस्ता ओलांडून इथे आली. घरात फक्त वहिनी होती.

वहिनीने दोन्ही काटे उतरवले. खाली गुंतलेला धाग्याचा पुंजका काढला. वाकलेला काटा मधे न धरता मुळाशी धरून सरळ केला. मग दोन्ही काटे बरोबर बारावर जुळवून बसवले आणि त्यानंतरच वेळ लावली. यातली कोणतीही गोष्ट मी तिला कधी सांगितलेली नाही.

मी पहिला प्रश्न विचारला तो तेलाचा.

"काका डबी घेऊन आले होते," वहिनी म्हणाली. "मी आतून कडी लावली."

"पण तू शिकलीस कुठे?"

"आरशात. माझी खुर्ची कुठं, तुझं टेबल कुठं, बघ एकदा. भुवया करताना बाया डोळे मिटून बसतात. मी कुठं बघणार? तुझे हात दिसतात समोर."

मला खरे वाटेना. मग मी टेबलावरची ताटली पाहिली. काढलेले भाग मी नेहमी डावीकडून उजवीकडे मांडते. आधी सराव म्हणून तिने डब्यातले एक बंद घड्याळ उघडून त्याचे भाग तिथे मांडले होते, क्रम अगदी माझा, पण उजवीकडून डावीकडे. आरशात दिसते तसा.

वहिनी रागावली की मला 'वन्सं' म्हणते आणि अहो-जाहो करते. तिने माझ्या हातातले हे कागद पाहिले, कलम पाच वाचले आणि म्हणाली, "वन्सं, तुमचा चिमटा मी वाकवला नाही. बाबांच्या तळपायातला काटा आईंनी त्यानं काढला. मी बोलले नाही, कारण तुम्ही आईंशी भांडला असता." स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. काही वेळाने पुन्हा सुरू झाला.

त्यामुळे कलम ५ पूर्ण रद्द. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

आता कलम ६. त्या कोऱ्या जागेत कुणाचे नाव येणार, हे सांगायला नको. मी पेन उचललेही होते. पण औषधवाले पुन्हा आठवण करून देऊन गेले की ज्याला मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मी मरेपर्यंत वहिनीने आरशातच पाहत राहावे, हेही मला पटेना. म्हणून कलम ६ सुद्धा रद्द केले आहे. कलमात लिहिलेले सर्व सामान मी आज सकाळी दादा, आई आणि काका यांच्यासमोर वहिनीच्या हाती दिले. टेबल आरशाकडे तोंड करून होते ते फिरवून तिच्या खुर्चीशेजारी लावले. पडदा काढून आईला दिला. नवा पाच नंबरचा चिमटा आईने स्वतः आणून टेबलावर ठेवला, आणि कुणाकडे न पाहता आत गेली.

आत्याला मी उत्तर सांगितले. ती म्हणाली, "मग आता तू सावकाश म्हातारी हो."

हे मृत्युपत्र मी त्याच टेबलावर, वहिनीला विचारून, पूर्ण करत आहे.

ठिकाण: पुढची खोली, खिडकीजवळ.
दिनांक: पदवीदानानंतरचा पहिला शुक्रवार.

सही: चिमटी

आमच्यासमक्ष सही केली:

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचे औषधवाले.

साक्षीदार २: वहिनी, या मृत्युपत्रान्वये काहीही न मिळालेली.